शेतकरी कामगार पक्षाच्या अभ्यासकास पत्र

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मराठवाड्यातील शेतकरी कामगार पक्षावरील प्रबंधाचा तुझा आराखडा वाचला. सुरुवात तू १९४७ सालच्या आळंदीच्या बैठकीपासून केली आहेस आणि पुढचा सारा इतिहास पक्षाचे संस्थापक केशवराव जेधे व शंकरराव मोरे यांच्या वाटेने नेला आहेस. काँग्रेसमधील बहुजन कार्यकर्ते तिकडे वेगळ्या पक्षाचा विचार करत होते, तेव्हा परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथील कार्यकर्त्यापुढे मुक्तीखेरीज दुसरा प्रश्न नव्हता. म्हणून तू हैदराबादपासून आरंभ करावास.

१९५२ च्या निवडणुकीत हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांपैकी १० जागा या पक्षाने जिंकल्या आणि परभणीतून नारायणराव वाघमारे लोकसभेवर गेले. येथे रुजायला जेमतेम तीन-चार वर्षे मिळालेल्या पक्षाला हे कसे साधले, हा तुझ्या प्रबंधाचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा जमिनीत दिसते: १९४९ साली जहागिरी गेल्या, १९५० साली हैदराबादचा कूळ कायदा आला, आणि कायदा कागदावर आला तरी जमिनीच्या दप्तरात नाव कोणाचे लागणार, हा झगडा गावोगाव सुरू झाला.

त्याच १९५० साली दाभाडीला पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. ‘दाभाडी प्रबंध’ म्हणून ओळखला जाणारा पक्षाचा हा दस्तऐवज मुळातून वाच. मात्र कामगारवर्गाच्या नेतृत्वाची भाषा करणाऱ्या त्या पक्षाला मराठवाड्यात कामगार किती भेटले असतील? नांदेडची उस्मानशाही आणि औरंगाबादची गिरणी सोडली, तर सारा भार जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यावर होता. या शेतकऱ्याच्याच बांधावर राबणारा भूमिहीन, बहुधा दलित, मजूर पक्षात कोठे होता, याविषयी तुझ्या आराखड्यात एक ओळही नाही. आंबेडकरी चळवळीतील नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांचा सत्याग्रह आणि त्या काळातील पक्षाचे ठराव शेजारी ठेवून पाहा. अवघड प्रकरण होईल, पण ते टाळू नकोस.

फाटाफुटीचा हिशेब थोडक्यात उरकावा. जेधे १९५४ साली काँग्रेसमध्ये परतले, म्हणून पक्ष खचला, ही मांडणी आळशी आहे. कारण त्यानंतरही १९६२ ते १९७२ महाराष्ट्र विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद याच पक्षाच्या कृष्णराव धुळप यांच्याकडे होते. माझ्या मते १९६२ नंतरच्या जिल्हा परिषदा, सहकारी पतपुरवठा आणि साखर कारखाने यांनी पक्षाचा मूळ शेतकरी हळूहळू सत्तेच्या दाराशी नेला, आणि विरोधात राहणे त्याला परवडेनासे झाले. हे तुला कागदपत्रांनी सिद्ध करावे लागेल; माझ्या म्हणण्यावर विसंबू नकोस.

पक्षाचे नेते केशवराव धोंडगे यांचे किस्से कंधार तालुक्यात तुला हवे तेवढे मिळतील. १९७७ साली नांदेडमधून लोकसभेत गेलेला आणि गुराख्यांसाठी साहित्य संमेलन भरवणारा हा नेता रंगतदारच होता. तरी प्रत्येक किस्सा विधानसभेच्या कार्यवृत्ताशी ताडून घे. पक्षाचे उस्मानाबादचे नेते उद्धवराव पाटील यांच्याभोवती असे किस्से फारसे नाहीत, म्हणून त्यांना दोन ओळींत गुंडाळणे मात्र अन्याय होईल.

पुढच्या वेळी भेटायला येताना १९५२ साली पक्षाने जिंकलेल्या त्या १० मतदारसंघांचा नकाशा आणि त्या तालुक्यांतील कुळांची नोंद सोबत आण.

तुझा शुभचिंतक