ग्रीसमधल्या ऑलिंपियाला, जिथे प्राचीन ऑलिंपिक खेळ व्हायचे, आई-वडिलांना घेऊन जातोय. आधी अवशेष पाहावेत की संग्रहालय? एक दिवस पुरतो का? त्यांना कंटाळा येईल का?

आधी अवशेष, मग संग्रहालय. पण 'कंटाळा येईल का' हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

माझे वडील रत्नागिरीकडचे गवंडी. जन्मभर जांभ्याच्या चिऱ्यांची घरं बांधली. मी जर्मनीत असते. ते माझ्याकडे आले तेव्हा ग्रीसला जायचं ठरवलं, तर पुण्याहून भावाचा फोन. "बाबांना त्यातलं काय कळणार? पडके दगड बघायला एवढा खर्च?"

तिथल्या झ्यूस या ग्रीक देवाच्या देवळाच्या बाहेरच्या ३४ खांबांपैकी आज एकच उभा आहे, तोही २००४ साली पुन्हा रचलेला. बाकीचे इसवी सनाच्या सहाव्या शतकातल्या भूकंपांत कोसळले. त्यांच्या दगडी चकत्या अजून ओळीने एकमेकींवर रेलून पडल्यात. बुंध्याची चकती सव्वादोन मीटर रुंद, म्हणजे माणसापेक्षा उंच. बाबा तिथेच थांबले. दगडात शिंपले दिसत होते. म्हणाले, "हा आपल्या चिऱ्यासारखाच, भोकाभोकांचा. असा उघडा ठेवला नसणार. गिलावा केला असणार." होताच. संगमरवरासारखा दिसावा म्हणून पांढरा गिलावा. मग चकतीच्या मधल्या चौकोनी खाचेकडे बोट दाखवून, "हितं लाकडाची खुंटी. नायतर वरचा दगड मधोमध बसायचा नाही." मी हे वाचून गेले होते. त्यांनी नुसतं बघून सांगितलं.

म्हणून म्हणते, आधी अवशेष. देवळाची उंची अंगावर आली की मग संग्रहालयातल्या मूर्ती कळतात. त्या छपराखालच्या त्रिकोणात, दहा मीटरच्या खांबांच्याही वर होत्या. बाबा एका मूर्तीच्या बाजूला वाकून म्हणाले, "पाठ घडवलीच नाय." खालून दिसणार नाही, तिथे कारागिराने पाठ ओबडधोबड सोडलेली.

पूर्वेकडच्या त्रिकोणात रथांची शर्यत सुरू व्हायच्या आधीचा क्षण आहे. त्यात एक म्हातारा ज्योतिषी बसलाय, पोट सुटलेला, हात गालापाशी नेलेला. शर्यतीत उतरणारा राजा मरणार हे त्याला आधीच कळलंय. बाबा त्याच्यासमोर इतका वेळ उभे होते की हेराक्लीस या ग्रीक वीराच्या बारा पराक्रमांचे शिल्पपट मी एकटीनेच पाहिले. (त्यांतले काही भाग १८२९ साली फ्रेंचांनी नेले. ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.) प्राक्सितेलीस या शिल्पकाराची मानली जाणारी हर्मिस देवाची मूर्ती आहे, तिच्यासमोर सगळी गर्दी असते. माझ्या मते तो ज्योतिषी तिच्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

आईवडिलांना काय कळणार हे मुलांनी ठरवू नये. माझ्या भावाने तर मुळीच नाही, त्याची फी त्याच चिऱ्यांतून भरली गेली.

हो, एक दिवस पुरतो, पण अथेन्सहून त्याच दिवशी जाऊन-येऊन करू नका, मुक्काम करा. जमीन खडबडीत आहे, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या आधी बघून घ्या. आणि माझ्या आईला देवळापेक्षा स्टेडियम आवडलं, हेही सांगायला हवं. शर्यत जिथून सुटायची त्या दगडी पट्टीवर चप्पल काढून उभी राहिली होती.