घरात सापडलेला प्रत्येक इंग्रजी कागद कस्टमचा नसतो: वाचकांची प्रश्नोत्तरे

दिवाळीच्या साफसफाईपासून कागदांचे फोटो यायचे थांबलेच नाहीत. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून. कोणाला माळ्यावर पेटी सापडते, कोणाला जुन्या चोपडीत घडी करून ठेवलेला कागद, आणि त्यावर राजाचा मुखडा नाहीतर जहाजाचं नाव दिसलं की लगेच प्रश्न, सर हे ब्रिटिश कस्टमचं आहे ना, किती येतील याचे? आपल्या खानदेशाला समुद्र नाही हो. आपला कापूस रेल्वेनं मुंबईला जायचा आणि बंदरावरचे कागद बहुतेक करून तिथल्या निर्यात करणाऱ्या पेढ्यांकडेच राहायचे. आपल्या घरात उरायची ती रेल्वेची बिल्टी, आडत्याची पट्टी, हुंडी, शेतसाऱ्याची पावती. तोच तोच घोळ पुन्हा पुन्हा येतोय म्हणून काही प्रश्न निवडून इथं उत्तरं देतो.

प्रश्न (पाचोरा): आजोबांच्या पावतीवर एक आण्याचं तिकीट चिकटवलेलं आहे आणि त्यावरच सही. हा कस्टम ड्यूटी भरल्याचा पुरावा आहे का?

नाही. ते रेव्हेन्यू तिकीट. १८९९ च्या स्टॅम्प कायद्याप्रमाणे २० रुपयांच्या वरच्या पावतीला एक आण्याचं तिकीट लागायचं, मग पैसे कापसाचे असोत नाहीतर बैलजोडीचे.

प्रश्न (शिरपूर): आमच्या गावाजवळ ‘नाका’ म्हणून जागा आहे. व्हॉट्सअॅपवर वाचलं की इंग्रजांनी मिठाच्या करासाठी हजारो मैल काटेरी कुंपण घातलं होतं आणि ते खानदेशातून जायचं. आमचा नाका त्यातलाच का?

कुंपण खरं आहे, तुमच्या गावाचं मला पटत नाही. त्याला इनलँड कस्टम्स लाइन म्हणायचे, सिंधू नदीपासून निघून पार महानदीपर्यंत, भरात असताना सुमारे २,३०० मैल आणि पहाऱ्यावर १२ हजारांच्या आसपास माणसं. बाभूळ, बोर, निवडुंग, करवंद जे जगेल ते लावून जिवंत कुंपण वाढवलं होतं आणि ते बुऱ्हाणपूरपर्यंत येऊन पोचलेलं. म्हणजे रावेरच्या पलीकडे, तापीच्या वरच्या अंगाला. कारण साधं होतं. मुंबई इलाख्यात मिठावरचा कर कमी आणि उत्तरेत जास्त, तर इकडचं स्वस्त मीठ तिकडे जाऊ नये म्हणून ही आडकाठी. आपण खानदेशवाले मुंबई इलाख्यात, कुंपणाच्या स्वस्त बाजूला होतो. स्वस्त म्हणजे तरी किती, १८४४ साली मुंबई इलाख्यात मणामागे आठ आण्यांचा कर एकदम एक रुपया केला तेव्हा सुरतेत दंगा झाला होता. पुढं दोन्हीकडचे दर जवळ आणले, १८७९ मध्ये लाइन मोडली आणि १८८२ ला मणाला दोन रुपये असा दर लावला.

आता तुमचा नाका. शिरपूर आग्रा रोडवर, वर सेंधवा, आणि ते होळकरांच्या हद्दीत होतं. संस्थानं आपापली जकात घ्यायची. शिवाय टोलचा नाका असतो, जंगलखात्याचा असतो, अबकारीचा असतो. नुसत्या नावावरून काही ठरत नाही. गावाचा जुना नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढा आणि धुळ्याच्या राजवाडे मंडळात, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या इतिहास संशोधन संस्थेत, जाऊन विचारा, फॉरवर्ड आलेला मेसेज मला पुन्हा पाठवू नका.

प्रश्न (जळगाव): जुन्या प्रेसिंग फॅक्टरीच्या भंगारात पत्र्याचा साचा मिळाला, अक्षरं आणि आकडे कोरलेले. डीलर म्हणतो बॉम्बे कस्टमचा शिक्का आहे, दुर्मिळ आहे.

फोटो मोठा करून पाहिला. कडेला काळ्या रंगाचा थर बसलाय, अक्षरांच्या मधल्या बारीक पट्ट्या वाकल्यात, म्हणजे गोणपाटावर ठेवून कुंचा फिरवायचा साचा. हा प्रेस मार्क. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग (कापसाची सरकी काढणं आणि गाठी बांधणं) कायद्यानं प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि नंबर टाकणं सक्तीचं केलं, कारण गाठीत पाणी मारणं, हलका कापूस मिसळणं असले धंदे चालायचे आणि मग मुंबईत गाठ फोडल्यावर कोणाची ते कळायला पाहिजे. कस्टमचा काही संबंध नाही. पण भंगारात घालू नका, आपल्या कापसाच्या इतिहासातली ती खरी वस्तू आहे. एक गाठ ३९२ पौंडांची, दोन गाठींची ७८४ पौंडांची खंडी, हा सगळा हिशोब असल्या खुणांवर चालायचा. खूण कोणत्या प्रेसची ते शोधायचं असेल तर फॅक्टरीची जुनी रजिस्टरं कोणाकडे आहेत ते आधी विचारा, साचा नंतर.

प्रश्न (चोपडा): पणजोबांची जिनिंग होती. १९११ चा एक मोठा छापील कागद सापडलाय, लिव्हरपूल ते बॉम्बे, मशिनरीच्या पेट्या, जहाजाचं नाव, खाली सही. सुरतेचा एक एजंट म्हणतो हे बिल ऑफ लेडिंग आहे, जहाज कंपनीकडे आणि कस्टमकडे तुमचे पैसे अडकलेत, ड्रॉबॅक म्हणजे भरलेल्या ड्यूटीचा परतावा मिळेल, आता नवीन कायदा आलाय म्हणून दावा करता येतो. १८ हजार प्रोसेसिंग फी आणि ओरिजिनल कागद कुरियरनं मागतोय. काय करू?

पैसे देऊ नका, कागद पाठवू नका. बाकीचं सविस्तर सांगतो, कारण असे फोन आता गावोगाव यायला लागलेत आणि मला या प्रकाराचा मनापासून राग येतो.

कागद बिल ऑफ लेडिंगच आहे, एजंट तेवढं खरं बोलला. पण तो कागद काय करतो ते समजून घ्या. पेट्या जहाजावर चढल्या की कप्तान किंवा कंपनीचा माणूस त्यावर सही करायचा, म्हणजे माल मिळाला, अमुक भाड्यात अमुक बंदरात पोचवतो. मुंबईत तो दाखवला की माल सुटायचा. पोस्टानं एखादी प्रत गहाळ झाली तर अडायला नको म्हणून अस्सल प्रती सहसा तीन काढायचे. तुमच्या कागदाच्या तळाला, सहीच्या वर बारीक अक्षरात एक ओळ आहे ती भिंगातून वाचा: इतक्या प्रती केल्या, त्यातली एक पुरी झाली की बाकीच्या रद्द. मशीन चोपड्याला आलं, बसलं, त्यावर तुमच्या घराण्यानं कापसाची सरकी काढली, याचाच अर्थ एक प्रत देऊन माल सुटला आणि तुमच्या हातातली त्याच दिवशी रद्द झाली. त्यात पैसे अडकायला जागाच नाही.

ड्रॉबॅकची तर सरळ सरळ थाप आहे. १८७८ च्या सी कस्टम्स कायद्यात तरतूद होती, आणलेला माल पुन्हा परदेशी पाठवला तर भरलेल्या ड्यूटीचा सात अष्टमांश भाग परत, आणि तेही आयात केल्यापासून दोन वर्षांच्या आत पाठवला तर. तुमचं मशीन चोपड्यात राहिलं, कुठून येणार ड्रॉबॅक? आणि ड्यूटी किती भरली हे बिल ऑफ लेडिंगवर नसतंच, त्याला बिल ऑफ एंट्री वेगळं. ते तुमच्याकडे आहे का असं एजंटनं एकदा तरी विचारलं का? नाही ना विचारलं, कारण त्याला त्या कागदाशी घेणंदेणं नाही, त्याला १८ हजारांशी आहे.

राहिला नवीन कायदा. १८५६ चा बिल्स ऑफ लेडिंग कायदा आणि १९२५ चा समुद्री मालवाहतुकीचा कायदा, दोन्ही जुने झाले म्हणून २०२५ मध्ये संसदेनं त्यांच्या जागी नवे केले, हे बातम्यांत आलं आणि हे लोक तेवढं कात्रण दाखवत फिरतात. कायदा नवा आला म्हणून शंभर वर्षांपूर्वी मिटलेला व्यवहार जिवंत होत नाही. मुदतीचं म्हणाल तर १९२५ च्या कायद्यातच होतं, माल मिळाल्यापासून वर्षात दावा लावला नाही तर जहाजवाला मोकळा.

लोक मला म्हणतात, जाऊ द्या ना सर, १८ हजार तर आहेत, लागली तर लॉटरी. प्रश्न पैशांचा पण आहे आणि कागदाचा पण. तो कागद कुरियरमध्ये गेला की परत येत नाही, आणि चोपड्यात त्या काळी यंत्र कोणत्या जहाजानं, किती पेट्यांत, कोणाच्या नावानं आलं हे सांगणारा तुमच्या घरातला एकमेव पुरावा असाच जातो. एकदा गेलेलं दप्तर पुन्हा जमवता येत नाही हो. एजंटला पैसे दिले असतील तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, उद्यावर टाकू नका. दिले नसतील तर नंबर ब्लॉक. तरीही मनात शंका राहिलीच तर चोपडा नाहीतर अमळनेर कोर्टातल्या दिवाणी वकिलाला कागद दाखवा, त्याची फी एजंटपेक्षा कमी पडेल.

प्रश्न (नंदुरबार): १८७८ चा सी कस्टम्स कायदा अजून चालू आहे का? एका क्लासच्या नोट्समध्ये तसं लिहिलंय.

नाही. त्याच्या जागी १९६२ चा कस्टम्स कायदा आला आणि तो १ फेब्रुवारी १९६३ पासून लागू झाला. नोट्स बदला.

प्रश्न (अमळनेर): आजोबा मिलमध्ये होते. ते सांगायचे, साडेतीन टक्के इंग्रज कापून घ्यायचे. ते पगारातून का? आता परत मागता येतील का?

मागता येणार नाहीत आणि पगारातून नव्हते. पण आजोबांचं म्हणणं वाऱ्यावर सोडू नका, त्यात तथ्य आहे. १८८२ मध्ये सरकारनं विलायती कापडासकट बहुतेक मालावरची आयात ड्यूटी काढून टाकली. १८९४ ला तिजोरीत खडखडाट म्हणून पाच टक्के पुन्हा लावली, तर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी आरडाओरडा केला. मग १८९६ ला काय केलं, तर विलायती कापडावरची ड्यूटी साडेतीन टक्क्यांवर आणली आणि तेवढीच, साडेतीन टक्के, आपल्या मिलमध्ये विणलेल्या कापडावर लावली. इथला कापूस, इथले मजूर, इथलंच गिऱ्हाईक, आणि तरी मँचेस्टरच्या मालाला बरोबरी मिळावी म्हणून कर. हातमागाला तो नव्हता. तीस वर्षं हे चाललं, डिसेंबर १९२५ मध्ये वसुली थांबली आणि १९२६ ला कर रद्द झाला. भरायचा मालक, पण सोसायचे सगळेच, मिलच्या नफ्याला कात्री लागली की मजुरीवर दाब येणारच.

पगाराच्या चिठ्ठीवर खरोखर कपात दिसत असेल तर तो दंड, उचल किंवा पतपेढीचा हप्ता असायची शक्यता जास्त. चिठ्ठी बघितल्याशिवाय सांगत नाही. पुढच्या बाजूचा आणि मागच्या बाजूचा, दोन्ही फोटो पाठवा.

प्रश्न (यावल): आम्ही तडवी. पणजोबा मुंबईहून बोटीनं हजला गेले होते, त्यांचा पास आहे, नाव, गाव, वय लिहिलेलं. जात पडताळणीला चालेल का?

हा प्रश्न गंभीर आहे, म्हणून घाईनं हो किंवा नाही म्हणणार नाही. हजचे पास खरे असतात, मुंबई हे तेव्हा हजचं मोठं बंदर, तिथं यात्रेकरूंसाठी प्रोटेक्टर ऑफ पिल्ग्रिम्स म्हणून वेगळा अधिकारी असायचा, आणि लाल समुद्रात कामरान बेटावर क्वारंटाइन करून मगच पुढं सोडायचे. तारीख नीट बघा. १८९७ मध्ये प्लेगमुळे मुंबईहून हजला जाणं बंद केलं होतं, त्या सालच्या तारखेचा पास कोणी दाखवला तर मी आधी संशय घेईन. पडताळणीत १९५० च्या आधीच्या कागदाला वजन असतं हे खरं, पण त्यात जमातीचा स्पष्ट उल्लेख पाहिजे. तुमच्या फोटोत ‘जात’ या रकान्यात काय लिहिलंय ते घडीमुळे दिसत नाही. घडी जोरानं उलगडू नका आणि फिकट अक्षर कोणी पेनानं गिरवून दिलं तर अख्खा कागद बाद समजतील. शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुने सातबारे यावर मुख्य भर ठेवा, पास जोडीला. आणि हे काम करणाऱ्या वकिलाला भेटा, या महिन्यातच, मुलीची अॅडमिशन तोंडावर आल्यावर नाही.

प्रश्न (दोंडाईचा): न्यू जर्सीच्या पुतण्याला फ्रेम करायला जुने कागद पाठवायचेत. पोस्टानं चालतील ना?

आधी थांबा. ७५ वर्षांहून जुना आणि ऐतिहासिक महत्त्वाचा दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतो, आणि तसा असेल तर परदेशी पाठवता येत नाही. तुमचा त्यात बसतो का हे पुरातत्त्व खात्याकडून लेखी घ्या. पुतण्याला स्कॅन पाठवा, तो तिकडे हव्या तेवढ्या मोठ्या साइजमध्ये प्रिंट काढू शकतो.

प्रश्न (एरंडोल): कागद फाटायला लागलेत, हाई काय शे ते पण समजत नही. झेरॉक्सवाला म्हणतो लॅमिनेशन करून टाका, कायमचं काम होईल.

करू नका, अजिबात नको. गरम प्लास्टिक एकदा बसलं की सुटत नाही आणि आत दमट राहिलं तर कागद तिथंच कुजतो. सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात आडवा ठेवा, मोबाईलवर उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि वाचून घ्यायला राजवाडे मंडळात न्या, आधी फोन करून. सेलोटेप आधीच लावलेली असेल तर ती ओढून काढू नका, कागद जपण्याचं काम करणाऱ्या माणसाला ती तशीच दाखवा.