पगारवाढ कराराच्या कायद्याचा अभ्यास: ग्रंथालयात काय मागायचे, कुठे चुकते

तुम्ही विचारले आहे की महाराष्ट्रातल्या एका खाजगी कारखान्यातल्या पगारवाढ करारावर टिपण लिहायचे आहे, करार मान्यताप्राप्त युनियनने २०१९ मध्ये केलेला आहे, आणि तो दुसऱ्या युनियनच्या सभासदांवर बंधनकारक आहे का हे ग्रंथालयात बसून कसे शोधायचे. प्रश्न चांगला आहे, कारण याचे उत्तर एका पुस्तकात मिळत नाही आणि अर्धवट शोधले तर हमखास चुकीचे मिळते.

कपाटाकडे जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: घटनेची तारीख, उद्योग कोणता, आणि त्या आस्थापनेसाठी समुचित शासन (म्हणजे तिथे हा कायदा राबवणारे सरकार) केंद्राचे की राज्याचे. कोणती पुस्तके मागवायची ते यावरच ठरते.

तारखेचे महत्त्व आता फार वाढले आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ला राष्ट्रपतींची संमती २८ सप्टेंबर २०२० ला मिळाली, पण ती अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिने कामगार संघटना अधिनियम १९२६, स्थायी आदेशांचा १९४६ चा अधिनियम आणि औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ या तिघांची जागा घेतली. मधल्या पाच वर्षांत बाजारात आलेली बरीच पुस्तके संहितेची कलमे ‘नवा कायदा’ म्हणून छापतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की २०२१ च्या संपालाही तीच लागू होती. नव्हती. तुमचा करार २०१९ चा आहे, म्हणजे तुमचा मूळ आधार १९४७ चा कायदाच. ग्रंथालयात जुनी आवृत्ती ‘कालबाह्य’ म्हणून मागच्या खोलीत गेली असेल तर आग्रहाने मागून घ्या. तुम्हाला तीच लागणार आहे.

समुचित शासनाचे थोडक्यात: बँका, विमा, खाणी, रेल्वे, मोठी बंदरे यांच्यासाठी केंद्र, साध्या खाजगी कारखान्यासाठी बहुतेक वेळा राज्य. यावरून नियम बदलतात आणि राजपत्रही बदलते. उद्योगाचे म्हणाल तर कापड गिरणी किंवा साखर कारखाना असेल तर १९४६ चा औद्योगिक संबंध अधिनियम पुढे येतो, ज्याला सगळे बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) म्हणतात. त्यात ‘प्रातिनिधिक युनियन’ ही वेगळीच रचना आहे. आणि हो, मुंबई राज्याच्या काळातल्या अनेक अधिनियमांच्या नावातले ‘मुंबई’ जाऊन आता ‘महाराष्ट्र’ आले आहे, त्यामुळे कॅटलॉगमध्ये दोन्ही नावांनी शोधा.

ड्यूई वर्गीकरण असलेल्या ग्रंथालयात कामगार कायदा ३४४.०१ खाली आणि भारताचा ३४४.५४०१ खाली सापडतो. पण युनियन आणि सौदेबाजीवरचे अर्थशास्त्रीय, समाजशास्त्रीय लेखन ३३१ मध्ये असते, त्यातही ३३१.८८ आणि ३३१.८९ कडे. दोन्ही कपाटे बहुधा वेगळ्या मजल्यांवर असतात, आणि कायद्याचे विद्यार्थी दुसऱ्याकडे फिरकतच नाहीत. राष्ट्रीय श्रम आयोगाचे दोन्ही अहवाल, १९६९ चा गजेंद्रगडकरांचा आणि २००२ चा रवींद्र वर्मांचा, कायदा असा का झाला हे समजायला वाचलेच पाहिजेत, आणि ते अनेकदा ३३१ मध्येच ठेवलेले असतात.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. केंद्रीय कायद्याची, म्हणजे १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाची, साधी प्रत उघडा, कलम १८ काढा. पोटकलम (१) म्हणते की समेटाच्या (म्हणजे सरकारी समेट अधिकाऱ्याच्या मध्यस्थीच्या) कार्यवाहीबाहेर मालक आणि कामगारांमध्ये झालेला करार फक्त त्या करारातल्या पक्षांवर बंधनकारक. पोटकलम (३) म्हणते की समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार आस्थापनेतल्या सगळ्यांवर बंधनकारक, त्या दिवशी कामावर असलेल्यांवर आणि नंतर लागणाऱ्यांवरही. इथे थांबलात तर निष्कर्ष असा निघतो: करार थेट वाटाघाटीतून झाला, समेट अधिकाऱ्याची सही नाही, म्हणून दुसऱ्या युनियनच्या सभासदांना तो लागू नाही.

महाराष्ट्रापुरता हा निष्कर्ष चूक ठरतो. १९७२ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक १ ने कलम १८(१) ला एक परंतुक, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारी अट, जोडले आहे: मान्यताप्राप्त युनियन असेल तिथे असा करार मालकाने फक्त तिच्याशीच करायचा, आणि तो पोटकलम (३) च्या खंड (ग) व (घ) मधल्या सगळ्यांवर, म्हणजे कामावर असलेल्या आणि नंतर लागणाऱ्या कामगारांवरही, बंधनकारक राहील. बडतर्फी, सेवामुक्ती, कामगारकपात, निलंबन अशा गोष्टींवरचे करार यातून वगळले आहेत. दिल्लीत छापलेल्या अनेक छोट्या प्रतींमध्ये हे परंतुक नसते. मोठ्या भाष्यग्रंथात कलमाखाली बारीक अक्षरात ‘राज्य दुरुस्त्या’ असे शीर्षक असते, तिथे ‘महाराष्ट्र’ शोधा. मला विचाराल तर कोणतेही कलम उद्धृत करण्याआधी ही तपासणी नियमच करून टाका. या विषयातल्या चुकांचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

हे परंतुक ज्या कायद्यातून आले तोच एमआरटीयू-पल्प, म्हणजे कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा अधिनियम, ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आलेला. मान्यतेचे प्रकरण ५० किंवा अधिक कामगारांच्या उपक्रमांना लागू. अर्जाआधीच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के सभासदत्व लागते. कलम २०(२) मान्यताप्राप्त युनियनलाच प्रतिनिधित्व देते, आणि बामर लॉरी वर्कर्स युनियनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनात्मक ठरवले. त्याच निकालात, करारानुसार मिळणाऱ्या थकबाकीतून युनियन निधीसाठी सभासद नसलेल्यांचीही रक्कम कापण्याच्या करारातल्या कलमाचा विचार आहे. तुमच्या प्रश्नाशी इतके थेट भिडणारे दुसरे प्रकरण शोधून सापडणार नाही, म्हणून ते शीर्षटिपेवर (निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर) न भागवता पूर्ण वाचा.

निकाल शोधताना ‘सामूहिक सौदेबाजी’ हा विषय घेऊन सूचीत शिरू नका. आपल्याकडच्या डायजेस्टमध्ये, म्हणजे निकालांच्या सारांश-सूचीत, मांडणी कायदा आणि कलम यांच्या क्रमाने असते. ‘औद्योगिक विवाद अधिनियम, कलम १८’, ‘कलम १९’, ‘कलम २(त)’ (कराराची व्याख्या), ‘एमआरटीयू, कलम २०’, ‘अनुसूची २, बाब ५’ असे शोधा. शेवटची बाब म्हणजे मान्यताप्राप्त युनियनशी सद्भावनेने सामूहिक वाटाघाट करायला मालकाने दिलेला नकार, आणि ती अनुचित प्रथा आहे. कलम १९(२) ही सोबत वाचा: मुदत ठरलेली नसेल तर करार सहा महिने चालतो, आणि मुदत संपली तरी लेखी नोटीस दिल्यापासून दोन महिने होईपर्यंत बंधनकारक राहतो. ‘करार संपला’ असे बोलताना लोक हे विसरतात.

कामगारविषयक निकालांची नियतकालिके वेगळी असतात: लेबर लॉ जर्नल, लेबर अँड इंडस्ट्रियल केसेस, फॅक्टरीज अँड लेबर रिपोर्ट्स, करंट लेबर रिपोर्ट्स. संदर्भ टिपताना दोन ठिकाणी घसरायला होते. लेबर लॉ जर्नलचे एका वर्षात दोन खंड निघतात. खंडाचा आकडा सुटला तर त्याच पानावर भलताच निकाल निघतो. आणि निकालाचे वर्ष व छापल्याचे वर्ष एकच असेल असे नाही. हर्बर्टसन्सचा निकाल एससीसीमध्ये (सुप्रीम कोर्ट केसेस) १९७६ च्या चौथ्या खंडात पान ७३६ वर आहे, तर एआयआरमध्ये (ऑल इंडिया रिपोर्टर) १९७७ सर्वोच्च न्यायालय ३२२. निकाल एकच. करार तुकड्या-तुकड्याने तोलायचा नसतो, पूर्ण देवाणघेवाण म्हणून पाहायचा, हे त्यात आहे, आणि ‘पगार वाढला पण भत्ता घटला’ अशा प्रत्येक वादात तो पुढे येतो.

निकाल आजही टिकून आहे का हे मात्र छापील खंडावरून ठरवू नका. १९७८ चा बंगळूर वॉटर सप्लायचा ‘उद्योग’ या व्याख्येवरचा निकाल २००५ मध्ये जय बीर सिंग प्रकरणातून मोठ्या पीठाकडे फेरविचारासाठी गेला. १९७८ चा खंड बिचारा हे कुठून सांगणार? ग्रंथालयाच्या संगणकावर सशुल्क डेटाबेस असेल तर निकालाचा पुढचा प्रवास तिथे पाहा, नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचे ई-एससीआर, म्हणजे त्याच्या निकालांचे ऑनलाइन संकलन, मोफत आहे.

निवाडे आणि करार ही आणखी वेगळी गोष्ट. १९४७ च्या कायद्याखाली औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा शासनाकडे पोचल्यापासून तीस दिवसांत प्रसिद्ध व्हायचा असे. राज्याच्या कक्षेतला असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग एक-ल मध्ये, केंद्राच्या कक्षेतला असेल तर भारताच्या राजपत्रात भाग दोन, विभाग ३, उपविभाग (दोन) मध्ये. संदर्भ विभागात ‘राजपत्र’ एवढेच मागितले तर भलताच गठ्ठा समोर येतो. भाग आणि वर्ष सांगा, आणि निवाड्याच्या तारखेनंतरचे काही महिने चाळा. प्रत्यक्षात छपाईला उशीर होत असे.

द्विपक्षीय करार मात्र ग्रंथालयात मिळण्याची आशा धरू नका. त्याची प्रत नियमानुसार कामगार खात्याकडे जाते. युनियन कार्यालयातून मिळाली तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकारात कामगार आयुक्त कार्यालयाकडे अर्ज करा: १० रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. कंपनीचे नाव, कराराची तारीख आणि ‘कराराची छायांकित प्रत’ एवढेच लिहा. व्यापारी गुपिताचे कारण देऊन नकार येऊ शकतो, तेव्हा वेळ हाताशी ठेवून अर्ज करा.

जागा म्हणाल तर पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, मुंबईत देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था. बाहेरच्या वाचकांसाठी काय नियम आहेत ते आधी फोन करून विचारा. महाविद्यालयाचे किंवा युनियनचे पत्र बरोबर असलेले बरे.

टिपणात पुढे ‘आता काय’ असा भाग लिहिणार असाल तर संहितेचे कलम १४ काढा. तिथे ५१ टक्के सभासदत्वावर एकमेव वाटाघाटी युनियन आहे, आणि तेवढे कोणाकडेच नसेल तर किमान २० टक्के सभासदत्व असलेल्या युनियनांची वाटाघाटी परिषद. एमआरटीयूतले ३० टक्के शेजारी ठेवून पाहा, म्हणजे प्रश्न कुठे आहे ते दिसेल. संहितेच्या निरसनाच्या कलमात एमआरटीयूचे नाव नाही. कामगार संघटना आणि औद्योगिक विवाद हा समवर्ती सूचीतला २२ वा विषय. तेव्हा केंद्र आणि राज्य कायद्यांतली विसंगती सोडवणारा राज्यघटनेचा अनुच्छेद २५४ वाचल्याशिवाय त्या भागात एकही ठाम वाक्य लिहू नका.