ईव्हीएमऐवजी कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं का?

तुम्ही विचारलंय की आई ८६ वर्षांची आहे, मशीनवर तिचा भरवसा नाही, कागदावरच मत द्यायचं म्हणते. तिला तशी मतपत्रिका मिळेल का, आणि मिळत असेल तर तुम्हा दोघा भावंडांनाही मागता येईल का?

तुम्हा दोघांना नाही. आईला मिळेल, पण अर्ज भरण्याआधी पुढचं नीट वाचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. बऱ्याच निवडणुकांना ड्युटी केली, आणि नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेला आमच्या सासूबाईंचं मत घरी घेतलं गेलं तेव्हा मी तिथेच होते.

आपल्याकडे यंत्र नको, कागद द्या, असा पर्याय सर्वसाधारण मतदाराला नाही. टपाली मतपत्रिका ठरावीक लोकांनाच मिळते: सैन्यातले, निवडणूक ड्युटीवरचे, अत्यावश्यक सेवेतले काही, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले आणि ८५च्या पुढचे ज्येष्ठ. आधी ही अट ८० होती, मार्च २०२४मध्ये ८५ झाली. वय मतदार यादीतलं धरतात. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावलेली ती पिढी, तेव्हा यादीत आईचं वय काय लागलंय ते आजच बघून घ्या. हे सगळं लोकसभा-विधानसभेपुरतं. पालिका, झेडपीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथले नियम वेगळे.

अर्जाचं नाव नमुना १२-डी. बीएलओ, म्हणजे आपल्या केंद्राची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी, तो घरी आणून देतात आणि भरून परत नेतात. निवडणुकीची अधिसूचना निघाली की पुढचे पाच दिवसच मुदत असते, आणि बहुतेकांची चूक इथेच होते, कारण प्रचार रंगात येतो तोवर ती मुदत संपलेली असते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अर्ज मंजूर झाला की यादीत आईच्या नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट, टपाली मतपत्रिका) अशी खूण होते. मग मतदानाच्या दिवशी तिला केंद्रावर मत देता येत नाही. मत घ्यायला निवडणूक कर्मचाऱ्यांचं पथक घरी येतं. ते आलं तेव्हा ती दवाखान्यात असली तर ते आणखी एकदा येतात. तेव्हाही भेटली नाही, तर तिचं मत गेलं.

आमच्याकडे पथक आलं ते सकाळी. दोन कर्मचारी, व्हिडिओ काढणारा मुलगा आणि एक पोलीस. उमेदवारांच्या माणसांनाही हजर राहता येतं, आमच्याकडे कोणी आलं नव्हतं. सासूबाईंच्या कॉटजवळ टीपॉय ओढून त्यावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि आम्हा सगळ्यांना बाहेरच्या खोलीत जायला सांगितलं. मी उंबऱ्यापाशी थांबले. आतून सासूबाईंचा आवाज आला, “शिक्का कुठाय?” पथकातल्या मॅडम म्हणाल्या, “आजी, आता शिक्का नाही, पेनानं खूण करायची.” थोड्या वेळानं पुन्हा, “आणि सही कुठं करू?”

माझ्या पोटात गोळा आला. सासूबाई साठीच्या घरात असताना सही शिकल्या. समोर पेन आणि कागद आला की सही करायचीच, हे त्यांच्या हाताला ठाऊक. पण मतपत्रिकेवर सही केली की मतदार ओळखू येतो आणि मत बाद होतं. मॅडमनी शांतपणे सांगितलं, इथं सही नाही, सही दुसऱ्या कागदावर. तो दुसरा कागद म्हणजे घोषणापत्र, नमुना १३-ए. मतपत्रिका आतल्या लहान पाकिटात, डिंक लावून बंद. ते पाकीट आणि घोषणापत्र मिळून मोठ्या पाकिटात. मोजणीच्या दिवशी आधी मोठं पाकीट उघडतात. घोषणापत्र नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, मतपत्रिकेचा क्रमांक जुळत नसेल, तर आतलं पाकीट न उघडताच मत बाद. कागद डोळ्यांना दिसतो म्हणून भरवशाचा वाटतो, पण तो बाद व्हायच्या वाटाही बऱ्याच आहेत.

आणि एकेक कागद किती मोलाचा असतो ते २०२४च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये दिसलं. यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते. टपाली मतं १,५०१ त्यांना, १,५५० रवींद्र वायकरांना. वायकर जिंकले ४८ मतांनी, आणि १११ टपाली मतं बाद झाली होती.

माझंच एक मत असं वाया गेलंय. ड्युटी लागली, टपाली मतपत्रिकेसाठीचा नमुना १२ वेळेत भरून दिला, पण मतपत्रिका हातात आलीच नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावली आणि माझं बोट कोरं. अजून सलतं ते. (ड्युटीवाल्यांनी त्यांच्यासाठी उभारलेल्या सुविधा केंद्रातच मत द्यायचं असा बदल २०२३मध्ये झाला, तो मला फार योग्य वाटतो.)

आईच्या अविश्वासाला मी हसणार नाही. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं डिसेंबर २०२४मध्ये स्वतःच कागदावर मतदान घेऊन पाहायचं ठरवलं होतं. जमावबंदी लागली आणि ते थांबवावं लागलं. कागदाकडे परत जाण्याची आणि सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत दिल्यावर यंत्राशेजारच्या पेटीत छापल्या जाणाऱ्या) मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. आज एका विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. मला विचाराल तर याहून जास्त मोजाव्यात. निकाल चार तास उशिरा लागला तर काय बिघडतं?

पण तुमच्या घरचा प्रश्न वेगळा आहे. आईला रिक्षातून नेऊन, हाताला धरून केंद्रापर्यंत पोचवता येत असेल, तर फक्त मशीन नको म्हणून १२-डी भरू नका. केंद्रावर तिच्या शेजारी घरचं कोणी नसतं. घरी आडोसा असला तरी भिंतीपलीकडे मुलगा-सून आहेत हे तिला माहीत असतं, आणि काही म्हाताऱ्या माणसांचा हात त्यानंच अडखळतो. मी हे पाहिलंय. केंद्रावर गेलात तर तिला सांगा, बटण दाबलं की लगेच निघायचं नाही. शेजारच्या पेटीच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, त्यावर क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. चष्मा लावून तो कागद बघायचा. चुकीचं दिसलं तर तिथेच केंद्राध्यक्षांना सांगायचं. ते लेखी घेतात आणि चाचणी मत टाकून बघतात. तक्रार खोटी ठरली तर कारवाई होते, म्हणून नीट पाहूनच बोलायचं.

अंथरुणाला खिळलेली असेल तर मात्र अजिबात विचार करू नका, १२-डी भरा. बीएलओंचा नंबर आत्ताच मिळवून ठेवा. पथक येण्याआधी आईला दोनदा सांगा: पेनानं एकच खूण, आणि त्या कागदावर सही नाही.