बादलीतलं पाणी काळं होईना

"नोकरी गेली. घर चालवायला मदत हवी, पण हात कुणापुढे पसरायचा?" हा प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांची कमी नाही. एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

चाकणच्या एका कारखान्यात मशिन ऑपरेटर, वय 43, नोकरीला 11 वर्षं. नोव्हेंबरात ऑर्डरी आटल्या आणि काही जणांना "उद्यापासून येऊ नका" म्हणून सांगितलं. यांनी घरी पत्ता लागू दिला नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, निगडीला भक्ती-शक्तीजवळ दिवस काढायचे आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी. बायकोला कळलं ते कपडे धुताना. कामाचा शर्ट भिजवला तरी बादलीतलं पाणी काळं होईना. अकरा वर्षं ऑइलचे डाग घासलेली बाई ती. पंधरा दिवस गप्प राहिली, मग नवऱ्याला माझ्याकडे घेऊन आली. सांगायला तक्रार एवढीच, की यांना झोप लागत नाही.

खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत मी मनाबद्दल फारसं बोललेच नाही. महिन्याचं भाडं थकलेल्या माणसाला दीर्घ श्वास घ्यायला सांगणं मला जमत नाही. म्हटलं, पुढच्या वेळी घरातले सगळे कागद पिशवीत घालून आणा.

पिशवीतून पहिली निघाली पगाराची स्लिप. 19,600 रुपये पगार, त्यात ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, 147 रुपये कापलेले. "हे कशाचे?" मी विचारलं. "दवाखान्याचे, मॅडम." बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं. त्याच वर्गणीवर बेकारीतही काही मिळू शकतं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवसांची, मिळते. तीही आयुष्यात एकदाच. किमान दोन वर्षं विमाधारक नोकरी हवी, वर्गणीच्या दिवसांच्या अटी आहेत, आणि गैरवर्तनामुळे काढलेलं नसावं. काम सुटल्यावर 30 दिवसांनी दावा करता येतो. योजना मुदतीची आहे आणि मुदत वेळोवेळी वाढवावी लागते, म्हणून जायच्या आधी ईएसआयच्या शाखेत विचारून घ्यावं. यांचा दावा अडला तो भलत्याच कारणाने: आधारवर वडिलांचं नाव मधे होतं, ईएसआयच्या नोंदीत नव्हतं. दुरुस्तीत तीन आठवडे गेले.

दुसरा कागद महत्त्वाचा होता. टाइप केलेला, खाली सहीची जागा रिकामी: "मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे." सही करा आणि हिशेब घेऊन जा, असं सांगून दिलेला. शरमेपायी हे पुन्हा गेटवर गेलेच नाहीत, म्हणून सही राहिली. त्यांची शरम मी त्या एकाच दिवशी कामाला आलेली पाहिली. राजीनामा दिला की माणूस स्वतःहून गेला असं ठरतं. कामगाराला कमी केलं तर मात्र एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, याहून वेगळी. तिला पाच वर्षांची सेवा लागते. यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000. भागिले 26, गुणिले 15, गुणिले 11. कागदावर मी 82,500 लिहिले आणि ते त्या आकड्याकडे बघत बसले. वकिलाच्या फीचं म्हणाल, तर औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. शिवाजीनगरच्या कोर्टात जाऊन अर्ज करायचा, इतकंच.

रेशनकार्डाबाबत मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. केशरी कार्ड आहे म्हणून धान्य सुरू होईलच असं नाही. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे स्वस्त धान्य मिळणाऱ्या गटासाठी, वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा 59,000 आहे आणि त्यांचा मागचा पगार त्यात बसत नव्हता. पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत त्याच कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि घरात आई आजारी. कार्ड इतकी वर्षं फक्त पत्त्याचा पुरावा म्हणून वापरलेलं.

एवढं सगळं झाल्यावरही ते म्हणाले, "मॅडम, आमच्या घराण्यात सरकारकडे हात पसरायची वेळ कुणावर आली नाही."

पुढच्या भेटीला बायकोने सासूबाईंनाही आणलं. मूळच्या बीडकडच्या. मुलाचं ते वाक्य त्यांच्या कानावर गेलं होतं. खुर्चीवर नीट बसल्याही नव्हत्या तोच म्हणाल्या, "बहात्तरला म्या पाझर तलावावर माती वाहिली. सुकडी खाल्ली, सरकारचीच व्हती. काम केलं, खाल्लं. लाज कसली त्यात?" बहात्तरच्या त्याच दुष्काळातल्या कामांच्या अनुभवावर पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा आला, हे म्हातारीला ठाऊक असायचं कारण नाही. माझ्या दोन भेटींत जे झालं नव्हतं ते तिथे झालं: ते रडले. आई शेजारी बसून पदराने खुर्चीचा हात पुसत राहिली.

त्यानंतर झोपेबद्दल बोलता आलं. रात्री जीव फारच घाबरला तर 14416 वर फोन करायचं ठरलं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनची ही मोफत सेवा मराठीतही आहे. मोबाइलवर झटपट कर्ज देणारी दोन ॲप त्यांनी माझ्यासमोर काढून टाकली. तिसरं होतं, ते नंतर बायकोने सांगितलं. गाडीचा हप्ता चुकायच्या आधीच बँकेत जाऊन बोला, असंही मी सांगितलं होतं. गेले नाहीत. एक हप्ता चुकला, मग गेले.

ईएसआयचे पैसे फेब्रुवारीत जमा झाले. ग्रॅच्युइटीच्या दाव्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि कंपनी काय म्हणणार कुणास ठाऊक. सध्या भोसरीत एका वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर जातात. तारीख असली की मात्र सुट्टी. बायको म्हणाली, "तारखेलाही डबा नेतात. पण आता कुठे चाललोय ते सांगून."