मोटरहोममागे पिकअप बांधायचीय? आधी गिअरबॉक्स बघा

मुलगा अमेरिकेत असतो, त्याने मोटरहोम (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेतलंय. मागे चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढायला छोटी पिकअप हवीय. एक ऑटोमॅटिक, टू व्हील ड्राइव्हवाली स्वस्तात मिळतेय, घेऊ दे का? (रत्नागिरी)

काका, आजच फोन करा नि टोकन दिलं नसेल तर थांब म्हणावं. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो, मागच्या गाडीचं इंजिन बंद आणि चाकं मात्र फिरतायत, म्हणजे आतले भाग ऑइलशिवाय फिरणार आणि लांबच्या पल्ल्यात गिअरबॉक्स जळणार. आमच्याकडे एक पाहुणे अशीच ऑटोमॅटिक गाडी चिपळूणपासून दोरीने ओढत घेऊन आले, बिघाड होता रेडिएटरच्या पाइपचा, बिल झालं गिअरबॉक्सचं!

त्याला म्हणावं फोर बाय फोर बघ, ज्याच्या ट्रान्सफर केसला (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) न्यूट्रल आहे अशी. न्यूट्रलला टाकलं की चाकं एकीकडे, गिअरबॉक्स एकीकडे. जीप ग्लॅडिएटर अशी ओढता येते, शेव्हरले कोलोरॅडो पण, मात्र फोर बाय फोरवालीच. हाताच्या गिअरची सरसकट चालते असं लोक छातीठोक सांगतात, ते खरं नाही, काही गिअरबॉक्सना इंजिन फिरलं तरच ऑइल पोचतं. विकणारा काय म्हणतो ते सोडा, त्याच वर्षाच्या कंपनीच्या पुस्तिकेत 'रिक्रिएशनल टोइंग'चं, म्हणजे मोटरहोममागे गाडी ओढायचं, पान उघडून वाचायचं.

मागच्या गाडीचं वजन किती चालेल? (गुहागर)

मोटरहोमच्या हुकवर ५००० पौंड लिहिलेलं असतं, म्हणजे २२७० किलोच्या आसपास, बऱ्याच मध्यम मोटरहोमना एवढाच आकडा असतो. ग्लॅडिएटर रिकामीच साधारण २१०० किलो, मग मागे सायकली नि कूलर टाकले की झालं! शिवाय मोटरहोम आणि मागची गाडी मिळून कंपनीने जी मर्यादा दिलीय त्यातून भरलेल्या मोटरहोमचं वजन वजा करा, ते आणि हुकचा आकडा यात जो कमी तो खरा. मागच्या गाडीला वेगळी ब्रेक सिस्टिम लावायचीच, उतारावर दोन टन मागून ढकलत असतात.

माझी ट्रॅव्हलरची कॅम्पर आसा, मागसून व्ही-क्रॉस (इसुझूची पिकअप) बांधली तर चलात काय? (मालवण)

नाय चलात, दादा. आपल्याकडे नियमाने बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा रजिस्टर केलेला ट्रेलर एवढंच ओढता येतं. आणि नियम बाजूला ठेवला तरी चार चाकांवर बांधलेली गाडी रिव्हर्स घेता येत नाही, पुढची चाकं आडवी होतात नि ओढायचा बार वाकतो. आता देवगडकडच्या रस्त्याला समोरून एसटी आली, एका बाजूला चिऱ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला गटार, मग तुम्ही उतरून पिकअप सोडवताय नि मागे दहा गाड्या हॉर्न मारतायत. व्ही-क्रॉस एकटीच सव्वापाच मीटरच्या वर, दाभोळ-धोपावे फेरीवर दोन गाड्या सुट्या चढवणंच सोपं. भाच्याला चालवायला द्या, पोरगा खूश होईल.

किनाऱ्यावरची जुनी पिकअप घेतोय, ट्रेलरसाठी हुक लावायचाय. काय बघू? (वेंगुर्ला)

खाऱ्या हवेचा गंज, दुसरं काय. वरचा रंग बघू नका, पिकअप रॅम्पवर घ्या आणि जिथे हुक बसणार तिथे चेसिसला हातोडीने ठोका. टणटणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला किंवा पापुद्रे निघाले तर ती नारळ न्यायला वापरा, ट्रेलर लावू नका.