दुर्लक्षित राहिलेला, अनेक संगीतप्रकार एकत्र वाजवणारा तयारीचा गिटारवादक कोण?

तुम्ही विचारलंय की हात जबरदस्त तयार, दोन-तीन परंपरा एका वाद्यात आणणारा, आणि तरीही फारसा कुणाला माहीत नसलेला गिटारवादक कोण. माझं उत्तर पक्कं आहे: आमान्सिओ डिसिल्वा. जन्म १९३६, मुंबईचा. घर मूळ गोव्याचं.

त्या काळात गोव्याहून आलेले वादक धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरायचे, रात्री चर्चगेटच्या हॉटेलांत जॅझ आणि दिवसा सिनेमाची रेकॉर्डिंग करायचे. अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं जुन्या गाण्यांच्या शौकिनांना निदान ऐकून तरी माहीत असतात. डिसिल्वाला जयपूरच्या महाराणींचा आश्रय मिळाला, पुढे साठच्या दशकात तो लंडनला गेला, आणि मुंबई त्याला विसरूनच गेली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तो इतका मोठा का, ते सांगतो. तेव्हा लंडनमध्ये भारतीय संगीत आणि जॅझ एकत्र आणायचे प्रयोग जोरात होते. कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी तर चक्क दोन ताफेच शेजारी बसवले होते: एकीकडे सतार-तबला, दुसरीकडे जॅझवाले. ते संगीत चांगलंच आहे, पण सांधा ऐकू येतो. डिसिल्वाचा 'इंटिग्रेशन' हा अल्बम १९६९ चा. त्यात ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास, ड्रम आणि याची गिटार, बस्स. सतार नाही, तबला नाही, तानपुराही नाही. आणि तरी त्यातली 'जयपूर' ही रचना सुरू झाली की आपल्या कानाला घरचं काहीतरी लागतं.

हे होतं कसं? माझा एक मित्र गिरगावात गिटार शिकवतो. त्याला तो तुकडा अगदी हळू करून ऐकवला. तो म्हणाला, "अरे, हा तार खेचतच नाहीये, घसीट घेतोय." सतारीच्या पडद्यावर तार आडवी खेचून तीन-चार स्वरांची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, सहज निघते. जॅझ गिटारच्या जाड तारांवर फार तर एखाद्या स्वराची निघेल. म्हणून डिसिल्वा बोट तारेवरून सरकवत नेतो, मुक्कामाच्या स्वराआधी बारीकसा कण, म्हणजे शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श, लावतो, आणि एकाच स्वराभोवती घुटमळत राहतो. लगेच पुढच्या ओळीत तोच हात अस्सल जॅझची भरधाव लय पकडतो. बदल कुठे झाला ते सापडत नाही, आणि माझ्या मते खरी तयारी ही. नुसती गती बऱ्याच जणांकडे असते.

त्याच वर्षी त्याने जो हॅरियटबरोबर 'हम दोनों' हा अल्बम केला. किंग्स्टनचा एक, मुंबईचा एक, दोघेही लंडनमध्ये परके. नॉर्मा विन्स्टन ही गायिका त्यात शब्दांशिवाय गाते. आलाप ऐकायची सवय असलेल्याला ते अजिबात नवखं वाटणार नाही. 'बॅलड फॉर गोवा' त्यातच आहे, शांत वेळी ऐका. सत्तरच्या दशकात केलेला 'कोंकण डान्स' तर तेव्हा बाजारात आलाच नाही. तो आला २००६ मध्ये, आणि डिसिल्वा १९९६ लाच गेला होता. नाव मागे पडायला एवढं एक कारणही पुरेसं होतं.

ऐकायची सुरुवात 'इंटिग्रेशन'पासून करा, मग 'हम दोनों'. १९७२ चा 'कॉस्मिक आय' या ताफ्याचा 'ड्रीम सीक्वेन्स', ज्यात डिसिल्वाही वाजवतो, मुद्दाम शेवटी ठेवा. त्यात सतार आहे आणि आपल्या केशव साठ्यांचा तबलाही आहे. तोवर गिटारचा कान तयार झालेला असेल, म्हणजे सतार आल्यावरही लक्ष डिसिल्वाच्या बोटांवरच राहील.